क्वार्टरचे दार आणि पलंगाचे उसे

भिलाईच्या पहिल्या पिढीने आपले घर स्वतः बांधले नाही. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या बरोबरीने नगरही वाढत गेले: सेक्टर, सेक्टरात स्ट्रीट, स्ट्रीटवर क्वार्टर. भंडारा-गोंदियाकडून, नागपुराहून, आंध्रातून, केरळातून, बंगाल-पंजाबातून आलेल्या कामगाराच्या हाती अलॉटमेंटचा कागद आणि किल्ली पडे. दाराचे तोंड कुठे, चूल आग्नेयेला की ईशान्येला, हे नकाशा काढणाऱ्याने केव्हाच ठरवलेले असे.

अशा आखीव वस्तीत एक गोष्ट टळत नाही. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांची तोंडे पूर्वेला असली तर समोरच्या रांगेची पश्चिमेला असणारच. भिंतीला भिंत लागून असलेली दोन क्वार्टरे पुष्कळदा एकमेकांची उलट प्रत असतात. एकाचे स्वयंपाकघर उजव्या हाताला, तर शेजाऱ्याचे डाव्या. वास्तुशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर काही कुटुंबांच्या वाट्याला शुभ घर आले आणि तितक्याच कुटुंबांच्या वाट्याला अशुभ. घर कंपनीचे, त्यामुळे भिंत पाडता येत नाही आणि दारही हलवता येत नाही. माणसाच्या हाती उरला तो पलंग. वास्तूची आणि पुढे फेंगशुईची सारी चिंता मग झोपायच्या खोलीत येऊन थांबली. उसे कुठे करायचे, पायथा कुठे, आणि घरातले आजारपण या मांडणीमुळे येते का?

विदर्भातून आलेल्या मराठी घरांत यातल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. ‘उत्तरेकडं डोकं करून नको निजू बापा’ हे लहानपणी न ऐकलेला माणूस विरळा. कारण विचारले की दोन गोष्टी सांगितल्या जात. पहिली गणपतीची: शंकराने छाटलेल्या मस्तकाच्या जागी उत्तरेकडे डोके करून झोपलेल्या हत्तीचे मस्तक आणले गेले. दुसरी मृत्यूची: घरात शव ठेवताना डोके उत्तरेला आणि पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला करण्याची अनेक घरांत रीत आहे. मेलेल्या माणसाला जसे निजवतात तसे जिवंत माणसाने निजू नये, एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्थ खोल आहे आणि त्याचा आदर करायला हवा. झोप आणि मरण बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून जिवंतांचे अंथरूण आणि मृतांचे अंथरूण वेगळे ठेवावेसे माणसाला वाटते, आणि हे जगभर आढळते. जपानमध्येही उत्तरेला उशी करणे अशुभ मानतात आणि तिथले कारण थेट बुद्धाशी जोडलेले आहे. कुशीनगरला दोन शालवृक्षांच्या मधे, उत्तरेकडे डोके आणि उजव्या कुशीवर शरीर, अशा स्थितीत तथागतांचे महापरिनिर्वाण झाले असे बौद्ध परंपरा सांगते. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात ते प्रचंड शिल्प आहे. आता भिलाईच्या एखाद्या ब्लॉकची कल्पना करावी. एका क्वार्टरमध्ये उत्तरेला डोके म्हणजे प्रेताची निशाणी. शेजारच्या क्वार्टरमध्ये 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारे कुटुंब राहते आणि त्यांच्यासाठी तीच निजण्याची मुद्रा वंदनीय आहे. मधे एका विटेची भिंत, दोन्हीकडे वारा सारखाच. दिशेला अर्थ माणूस देतो, आणि तो अर्थ खरा असतो, कारण माणसे त्याच्या आधाराने जगतात. पण अर्थ खरा आहे म्हणून त्या दिशेने ताप येतो, सांधे धरतात, रक्तदाब वाढतो हेही खरे ठरत नाही. या दोन विधानांमध्ये जी दरी आहे ती बुजवून टाकल्यामुळेच सगळा घोटाळा होतो.

आपल्या जुन्या ग्रंथांतही ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी सापडतात. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात गृहस्थाचा आचार सांगताना पूर्वेला किंवा दक्षिणेला डोके करून झोपणे चांगले आणि याच्या उलट झोपणे रोगकारक असे म्हटले आहे. इथे दिशा रोगाचे कारण झाली. सुश्रुतसंहितेचा सूर वेगळा आहे. सूत्रस्थानाच्या 19 व्या अध्यायात जखमी रुग्णाची खोली कशी असावी ते सुश्रुत सांगतो: जागा स्वच्छ असावी, ऊन आणि वारा थेट अंगावर येऊ नये, अंथरूण ऐसपैस आणि नीट घातलेले असावे, जवळच्या माणसांनी बसून मन रमेल अशा गोष्टी सांगाव्यात. उसे पूर्वेला करावे असेही तो म्हणतो आणि लगेच त्याचे कारण देतो. पूर्वेला देव राहतात, त्यांच्या सन्मानासाठी डोके तिकडे. पूर्वेला उसे केल्याने जखम लवकर भरेल असे तो तिथे म्हणत नाही. शल्यचिकित्सा करणाऱ्या वैद्याने ऊन, वारा आणि स्वच्छता जखमेसाठी सांगितली आणि दिशा देवासाठी. एका अध्यायात दोन्ही आली, तरी त्यांची कारणे त्याने एकात मिसळली नाहीत.

हा फरक ओळखण्यासाठी बाहेरचा मापदंड आणावा लागत नाही. पूर्वमीमांसेने तो कित्येक शतकांपूर्वी घडवला आहे. विधीचे प्रयोजन दृष्ट असते किंवा अदृष्ट. भात कांडायला सांगितले तर तूस निघते, ते दृष्ट प्रयोजन. जिथे असे दिसणारे फळ नसते तिथे अदृष्ट मानायचे. कुमारिल भट्टांनी स्मृतींबद्दलही हीच विभागणी केली: धर्म आणि मोक्षाविषयी जे आहे त्याचे मूळ वेदात, अर्थ आणि सुखाविषयी जे आहे त्याचे मूळ लोकव्यवहारात. पलंगाच्या दिशेला ही कसोटी लावली की गोष्ट स्पष्ट होते. देवाचा मान, पितरांची आठवण, मृत्यूपासून राखलेले अंतर ही प्रयोजने अदृष्ट आहेत, त्यांना पुरावा मागणे गैर. पण ‘नैऋत्येला झोपला नाहीत म्हणून मधुमेह झाला’ असे कोणी म्हटले की त्याने दृष्ट फळाचा दावा केला. तो दावा शास्त्राच्याच नियमाने प्रत्यक्षाच्या दरबारात उभा राहतो, आणि तिथे श्रद्धेची ढाल चालत नाही. अशा सल्ल्यावर पैसे घेणारे आजारी माणसाशी बोलताना दृष्ट फळाचा शब्द देतात आणि प्रश्न विचारला की अदृष्टाच्या आड जातात. आजारी माणसाच्या बाबतीत हा खेळ क्षम्य नाही.

दिशा ही वंदनेची गोष्ट आहे, हे भिलाईत सेक्टर 6 मध्ये सहज दिसते. तिथल्या जामा मशिदीत नमाज काबेच्या दिशेला तोंड करून होते, आणि मुसलमानाला दफन करतानाही तोंड तिकडेच केले जाते. त्यामागे शरीर निरोगी राहील असा हिशेब नाही. सारे जग एका केंद्राकडे वळते, ही त्यातली भावना.

मराठी संतांनी तर हा प्रश्न मुळापाशीच हाताळला. नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला गेले तेव्हा विसोबा खेचर महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके कीर्तनात ऐकली आहे. नामदेवांना धक्का बसला. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे नेत तिकडे पिंड उभी राही. गुरू नानकांची मक्केतली कथाही याच वळणाची आहे आणि भिलाईच्या गुरुद्वारांत जाणाऱ्यांना ती पाठ आहे. दोन्ही कथांत माणूस झोपलेलाच आहे, आणि वाद त्याचे पाय कोणत्या दिशेला आहेत यावरून पेटतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. झोपलेल्या देहाची दिशा लोकांना तेव्हाही इतकी महत्त्वाची वाटत होती. विसोबांनी तिला नकार दिला तो देव सर्वत्र आहे या अनुभवातून. वारकऱ्याच्या घरात पलंगाच्या दिशेची धास्ती शिरते तेव्हा तो आपल्याच परंपरेतली सर्वांत निर्भय गोष्ट विसरलेला असतो.

फेंगशुई भारतीय मध्यमवर्गात शिरली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत. हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, दारात किणकिणणाऱ्या नळ्या दुकानांत दिसू लागल्या आणि वास्तुतज्ज्ञांच्या पाटीवर आणखी एक शब्द वाढला. चीनमध्ये या विद्येचा जुना आधार मानला जाणारा ग्रंथ कबरींविषयी आहे. तो इ. स. 276 ते 324 या काळात होऊन गेलेल्या ग्वो पू याच्या नावावर सांगितला जातो. पूर्वजांची हाडे योग्य जागी पुरली तर जमिनीतला प्राण त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि वंशजांचे भले होते, हा त्यातला गाभा. वारा तो प्राण उधळतो, पाणी त्याला थोपवते. 1949 नंतर चिनी सरकारने या विद्येला सरंजामी अंधश्रद्धा ठरवून दडपले. हाँगकाँग आणि तैवानमध्ये ती टिकली, तिथून अमेरिकेत गेली, आणि पुस्तकांच्या वाटेने आपल्याकडे आली.

तिचे झोपण्याच्या खोलीचे नियम थोडक्यात असे. उसे भक्कम भिंतीला टेकलेले असावे, खिडकीखाली नको. पलंगावरून दार दिसावे, पण पाय सरळ दाराकडे नकोत, कारण मृताला पायांकडून बाहेर नेतात. समोर आरसा नको, डोक्यावर तुळई नको, पलंगाखाली अडगळ नको. मराठी वाचकाला यातले निम्मे ओळखीचे वाटेल. पाय दाराकडे करून निजू नये हे आपल्या आज्यांनी ग्वो पूचे नावही न ऐकता सांगितले आहे. काही नियमांत व्यवहाराचे शहाणपणही आहे. दार दिसत असले की माणूस निर्धास्त झोपतो. पलंगाखालची अडगळ काढली की धूळ कमी होते आणि दम्याच्या रुग्णाला बरे पडते. अंधारात अचानक आरशात हालचाल दिसली तर दचकायला होतेच. एवढ्यासाठी प्राणाच्या प्रवाहाची कल्पना मानायची गरज नाही, आणि मानणाऱ्याशी भांडायचीही नाही.

भांडण सुरू होते ते दिशेपाशी. फेंगशुईच्या एका मोठ्या संप्रदायात जन्मवर्ष आणि लिंग यांवरून प्रत्येकाचा एक अंक काढतात, त्याला क्वा म्हणतात. 1, 3, 4, 9 हे अंक पूर्व गटाचे. त्यांना उत्तर, दक्षिण, पूर्व आणि आग्नेय या दिशा हितकर. 2, 5, 6, 7, 8 हे पश्चिम गटाचे. त्यांना पश्चिम, नैऋत्य, वायव्य आणि ईशान्य. आता निवृत्त झालेले एक जोडपे घेऊ. नवऱ्याचा जन्म 1958 च्या मे महिन्यातला, बायकोचा 1962 च्या. गणित केले की नवऱ्याचा अंक येतो 6 आणि बायकोचा 4. एक पश्चिम गटाचा, दुसरी पूर्व गटाची. दोघांचा पलंग एक, आणि एकाला आरोग्य देणारी प्रत्येक दिशा दुसऱ्याला अपायकारक. शिवाय नवऱ्याला वास्तुशास्त्राने सांगितलेल्या पूर्व आणि दक्षिण या दोन्ही दिशा फेंगशुईने निषिद्ध ठरवल्या. बायकोला मात्र फेंगशुई खुशाल उत्तरेला डोके करू देते, जे विष्णुपुराणाला आणि तिच्या सासूला कदापि चालणार नाही. एकाच दुकानात, एकाच माणसाकडून, एकाच आजारासाठी या दोन विद्यांचा सल्ला विकला जातो. दोन्ही निसर्गनियम असते तर एकमेकांना इतके छेदले नसते.

या अडचणीतून सुटण्यासाठी चुंबकाचा आधार घेतला जातो. पृथ्वी हे मोठे चुंबक, रक्तात लोह, उत्तरेला डोके केले की लोह मेंदूकडे ओढले जाते, असा हा युक्तिवाद. लोखंडाच्या शहरात तो तपासायला काय हरकत आहे? विद्युतचुंबकाच्या क्रेनला चिकटलेले पोलाद इथल्या पुष्कळ कामगारांनी पाहिले आहे. चुंबकाकडे ओढले जाणारे लोखंड कसे वागते हे त्यांना कोणी शिकवायला नको. रक्तातले लोह तसे वागत नाही. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोह असते तीन-चार ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेका अणूने बांधलेले. 1936 साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी दाखवून दिले की ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते आणि ऑक्सिजन सोडलेले किंचित ओढले जाते. हे बल अत्यंत क्षीण असते. एमआरआयच्या यंत्रात 1.5 टेस्ला क्षेत्र असते, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या रुग्णाचे रक्त डोक्यात गोळा होत नाही. मग पृथ्वीच्या क्षेत्राने रोज रात्री ते कसे व्हावे? त्यातून पलंगाशेजारी लोखंडी कपाट, स्लॅबमध्ये सळ्या. अशा खोलीत मोबाइलमधले होकायंत्रसुद्धा जागा बदलली की वेगळी उत्तर दाखवते.

इथे एक नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. 2019 साली अमेरिकेत कॅलटेकमधल्या जोसेफ कर्शविंक आणि शिन्सुके शिमोजो यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पृथ्वीच्याच तीव्रतेचे क्षेत्र खोलीत विशिष्ट प्रकारे फिरवल्यावर काही सहभागींच्या मेंदूतल्या अल्फा लहरी बदललेल्या आढळल्या. मानवी मेंदूला हे क्षेत्र नकळत जाणवत असेल, ही शक्यता त्यामुळे खुली राहते. पण जाणवणे वेगळे आणि त्यामुळे रोग होणे वेगळे. त्या प्रयोगात उत्तरेला डोके करणारा माणूस आजारी पडतो असे काही निघालेले नाही.

आणि रक्तातल्या लोहाचीच काळजी असेल तर छत्तीसगडमध्ये ती करायला फार मोठी जागा आहे. या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात अनेक समाजांत खोलवर पसरलेला आहे, आणि त्यात मुलाला पुन्हा पुन्हा असह्य वेदना होतात. आईबापांकडून आलेल्या एका जनुकाची ती वेदना आहे. साध्या रक्ततपासणीने तिचे निदान होते, गोळ्यांनी ती आटोक्यात राहते. अशा घरात कोणी पलंग फिरवायला सांगतो तेव्हा पलंग फिरतो, पण तपासणी आणखी काही महिने लांबते. नुकसान पैशाचे असते त्याहून या महिन्यांचे अधिक असते. दुसरेही एक नुकसान आहे, कमी बोलले जाणारे. दिशा चुकली म्हणजे चूक घर लावणाऱ्याची, आणि बहुतेक घरांत घर लावते ती बाई. नवऱ्याचे दुखणे, सासूचा पाय, मूल न होणे, सगळ्याचा दोष तिच्या हाताने अंथरलेल्या गादीकडे वळतो. याच राज्याला 2005 साली टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला, कारण गावातल्या आजाराचे कारण म्हणून बायकांना चेटकीण ठरवले जात होते. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव याविरुद्ध झटत आली आहे. पलंगाचा दोष आणि टोनहीचा आरोप यांच्या क्रौर्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. तरी रोगाचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधले की शेवटी एखाद्या बाईकडे बोट जाते, हे दोन्हीकडे घडते.

याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी हा शोध योग्य दिशेने नेऊन दाखवला आहे. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या त्यांच्या संघटनेने 1983 साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले. बिनायक सेन, सैबल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे कामाला आले. हगवणीत मूल का दगावते, क्षय का पसरतो, दारू शरीराचे काय करते, हे कामगारांनीच कामगारांना समजावून सांगितले. फार न शिकलेल्या माणसांनी आजाराचे कारण पाण्यात, अन्नात आणि धुळीत पाहिले.

खोलीच्या मांडणीचा आरोग्याशी काहीच संबंध नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. संबंध आहे आणि तो मोजलाही गेला आहे. रॉजर उल्रिच यांनी 1984 साली ‘सायन्स’मध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या त्यांनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांत, आणि पहिल्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पलंग कुठे आहे याने फरक पडला, तो डोळ्यांसमोर काय आहे यामुळे.

श्रद्धेनेच माणूस खंगतो का, हेही तपासले गेले आहे. डेव्हिड फिलिप्स यांनी 1993 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, चिनी ज्योतिषाने जन्मवर्षानुसार ज्या अवयवाचा रोग घातक ठरवला आहे तोच रोग झाल्यास चिनी-अमेरिकन माणसे लवकर मरतात, आणि परंपरेशी नाते जितके घट्ट तितकी लवकर. निष्कर्ष इतका नाट्यमय होता की तो जगभर सांगितला गेला. 2006 साली गॅरी स्मिथ यांनी आणखी वर्षांची आकडेवारी लावून पाहिली आणि तो टिकला नाही. म्हणजे दिशेची भीती माणसाला मारते, असेही सिद्ध झालेले नाही. विवेकाची बाजू घेणाऱ्यांनीही आपल्याला सोयीचा अभ्यास तितक्याच कडकपणे तपासला पाहिजे.

कडकपणे तपासणे म्हणजे काय, त्याचा नमुना पुण्यात आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून 27 ज्योतिषांकडे प्रत्येकी 40 पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण आले 46 टक्के. नाणेफेकीत याहून थोडे अधिक आले असते.

पलंगाच्या दिशेसाठी असा प्रयोग करायचा तर भिलाईसारखी जागा देशात शोधून सापडायची नाही. सारख्या आराखड्याची क्वार्टरे, तोंडे वेगवेगळ्या दिशांना. राहणाऱ्याने दार निवडलेले नाही, म्हणजे श्रीमंताने शुभ घर घेतले आणि गरिबाच्या वाट्याला अशुभ आले, असा घोळ बराच कमी. मालक एक, पाणी एक, हवा तीच, आणि पिढ्यान्‌पिढ्या आजारी माणसे जातात ते रुग्णालयही एक, सेक्टर 9 चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय. जनरल वॉर्डात तर खाटांच्या रांगा समोरासमोर असतात. एका रांगेची डोकी जिकडे, समोरच्या रांगेची त्याच्या नेमकी उलट. दिशेने रोग होत असता किंवा बरा होत असता, तर एका रांगेतले रुग्ण सतत आधी घरी गेले असते आणि नर्सना ते केव्हाच कळले असते.

दरम्यान भिलाईच्या झोपायच्या खोलीत आरोग्याला खरा धोका आहे तो उशाजवळच्या खिडकीत. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, कूलरशिवाय झोप लागत नाही, आणि पलंग कुठे मांडायचा हे बहुतेक घरांत कूलरच ठरवतो. पावसाळा लागला की त्याच कूलरच्या टाकीत पाणी तसेच राहते. 2018 च्या पावसाळ्यात भिलाई-दुर्गमध्ये डेंग्यूची मोठी साथ आली आणि कितीतरी माणसे, त्यात लहान मुलेही, दगावली. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि चावतो दिवसा, म्हणजे रात्रपाळी करून आलेला कामगार झोपलेला असतो तेव्हा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करणे आणि दिवसा झोपणाऱ्यालाही मच्छरदाणी लावणे, हा शयनगृहाचा नियम कुठल्याही दिशेच्या क्वार्टरला सारखाच लागू आहे. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी आणि उजेडाची हवी, कारण या वयात रात्री पडून मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते.

दुर्ग-भिलाईतल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ही पाहणी मनावर घ्यावी. काही स्ट्रीट निवडायचे, दोन्ही रांगांतल्या घरी जायचे, दाराची दिशा, उशाची दिशा, कूलरची टाकी, खिडकीतून काय दिसते, घरात किती माणसे, सारे लिहून घ्यायचे. उशाची दिशा आधी नोंदवायची आणि आजारांची चौकशी वेगळ्या माणसाने, नंतर करायची. कारण घरात दुखणे आले की पलंग हलवला जातो, आणि पुढे विचारले तर तो आधी चुकीच्याच दिशेला होता असे सगळ्यांना मनापासून आठवते.